डोळ्याच्या कोपऱ्यातलं दार

आबांच्या डोळ्यांतला दाब ठरावीक दिवशीच का वाढतो, हे निमिषला काही केल्या उलगडत नव्हतं. निमिष हा मगदूमांच्या घरचा यंत्रमानव. आबांच्या चष्म्याच्या दांडीत एक संवेदक (बदल टिपणारा छोटा भाग) होता. तो डोळ्यांचा दाब आणि नाडी मोजून निमिषला कळवायचा. एखाद्या संध्याकाळी दाब चढायचा. दुसऱ्या दिवशी तो उतरायचा, पण मग नाडी मंद व्हायची. पुढे बरेच दिवस सगळं ठीक असायचं.

आबा म्हणजे घरातल्या मुलीचे, त्रिशलाचे आजोबा, भूपाल मगदूम. नदीचं पाणी किती चढेल हे आधीच सांगणारी यंत्रणा उभी करणारे शास्त्रज्ञ. अशा माणसाला काचबिंदू झाला आणि त्यांना पत्ताही लागला नाही. आपल्या डोळ्याच्या आत सतत पाणी झिरपतं आणि बाहेर निघून जातं. ती वाट अडली की आतला दाब वाढतो आणि दृष्टिचेता (डोळ्यातून मेंदूकडे बातमी नेणारी नस) हळूहळू मरते. बहुतेकदा दुखत नाही, खुपत नाही. जे दिसेनासं होतं ती जागा मेंदू अंदाजाने भरून टाकतो. डावीकडचा तांब्या आबांच्या हातून पुन्हा पुन्हा लवंडायला लागला, तेव्हा कुठे आईने त्यांना डॉक्टरांकडे नेलं. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली राखायची असेल तर रोज सकाळी औषधाचा थेंब घाला, असं डॉक्टर म्हणाल्या. त्या दिवशी त्रिशला नाक पुसत पुसत रडली होती.

आज दिवस मावळायच्या आत ती जेवणाची ताटं मांडत होती. आबांचा दाब पुन्हा वाढल्याचं निमिषने सांगितलं आणि तिचा हात थांबला. आबांचं ताट मांडायचं नव्हतं. आज चतुर्दशी, त्यांचा उपास. मागच्या वेळी दाब वाढला तेव्हाही त्यांचं ताट नव्हतं, हे तिला आठवलं. थेंबांची वेळ झाल्याचं निमिष रोज सांगायचा आणि आबा ‘बघतो’ म्हणायचे. त्यांनी खरंच काय केलं, हे कुणी पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्यांच्या दाराशी उभी राहिली. आबांनी डोळ्यात एक थेंब घातला. मग दुसरा. मग तिसरा. थोड्या वेळाने ते खुर्चीतून उठले आणि एकदम तोल गेला. त्रिशलाने त्यांना कसंबसं धरून बसवलं. नाडी फार मंद झाल्याचं सांगत निमिषने लगेच डॉक्टरांना बोलावणं धाडलं.

“आबा, उपासाला तुम्ही औषध घालत नाही ना?” तिने विचारलं.

आबांनी मान डोलावली. “घशात उतरतंय गं ते. कडू लागतं. पोटात औषध गेल्यावर उपास कसला राहिला? म्हणून दुसऱ्या दिवशी जास्त घालतो.”

“पण डोळ्यातलं औषध घशात जातंच कसं?”

आबांनी आयुष्यभर पाण्याच्या वाटा शोधल्या, पण ही वाट काही त्यांनी शोधली नव्हती. निमिषने भिंतीवर डोळ्याचं चित्र उमटवलं. पापण्यांच्या आतल्या कोपऱ्यात, नाकाच्या बाजूला, बारीक छिद्रं होती. तिथून एक नळी नाकात उतरत होती.

“अश्रुनलिका,” आबा हळूच म्हणाले. डोळ्यावरचं जादा पाणी नाकात नेणारी नळी. रडताना नाक वाहतं ते हिच्यामुळेच, हे त्रिशलाला लगेच पटलं.

पुढचं आबांनी स्वतःच उलगडलं. डोळ्यावर जेमतेम एक थेंब मावतो. बाकीचे गालावर तरी ओघळतात, नाहीतर नळीतून नाकात जातात. तिथून घशात कडू लागतं, आणि नाकाच्या आतलं नाजूक अस्तर ते औषध रक्तातही शोषून घेतं. हे औषध रक्तात गेलं की हृदयाचे ठोके मंद करतं.

“म्हणजे भरपाई केली ती डोळ्याला नाही, काळजाला बाधली,” ते म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

“उसाला पाणी पाजताना आपण दारं धरतो, एका सरीचं पाणी अडवून दुसरीत वळवतो, तसं हे दार लावता येत नाही?” त्रिशलाने विचारलं.

येतं, नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून, निमिष म्हणाला. औषधाच्या सूचनांमध्ये ते होतं आणि त्याने वाचूनही दाखवलं होतं. तेव्हाही आबा ‘बघतो’ म्हणाले होते.

डॉक्टर आल्या, त्यांनी आबांना तपासलं आणि नाडी पूर्ववत होईपर्यंत त्या बसून राहिल्या. एखादा थेंब चुकला तर दुप्पट घालायचा नाही, मला विचारायचं, असं त्यांनी बजावलं. हेच औषध दम्याच्या माणसाला धोक्याचं ठरू शकतं, म्हणून एकाचे थेंब दुसऱ्याने वापरायचे नाहीत, हेही सांगितलं. मेलेली नस पुन्हा वाढवण्यावर प्रयोग चालू आहेत, पण तोवर आहे ती सांभाळायला हवी, असं म्हणून त्या गेल्या.

अष्टमी आली, आबांचा पुन्हा उपास. आबांनी हात धुतले. मान मागे केली, खालची पापणी ओढली आणि बाटलीचं टोक कुठेही न टेकवता एकच थेंब घातला. डोळा अलगद मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरला. दोन-तीन मिनिटं बोट तसंच ठेवलं.

“कडू लागलं?” त्रिशलाने भीत भीत विचारलं.

“थोडंसं लागलं.”

आबांनी डोळे उघडले आणि हात जोडले.

“घेतलेला नियम मी मोडत नाही, ठाऊक आहे ना तुला? आजपासून हाही एक नियम. रोज एक थेंब. उपास असो, नसो.”

त्या संध्याकाळी त्रिशलाने ताटं मांडली. आबांचं ताट नव्हतं. तिने निमिषकडे पाहिलं. “दाब ठीक आहे,” तो म्हणाला.