डब्यावरचा पेलिकन

मार्सेल ग्रेक मला पहिल्यांदा दिसला तेव्हा तो रडत होता.

कारखान्याच्या मागच्या दारी, पत्र्याच्या शेडखाली, डोळे धुवायच्या नळाला टेकून. बाहेर भुरभुर पाऊस, खाडीवरून येणारा बोचरा वारा, आणि हा उंचपुरा गडी आपला मुळूमुळू रडतोय. आमच्या लॅव्हर्टन गावात पुरुष रडत नाहीत असं नाही. फुटबॉलचा मोसम संपला की निम्मा कारखाना नाक ओढत असतो. पण सकाळी सकाळी, चहाच्याही आधी रडणारा मी हा पहिलाच पाहिला.

"गेली का सोडून?" मी विचारलं. मनात आलं की तोंडात आलंच, ही खोड आमच्या घरातल्या सगळ्या बायकांना आहे.

"क्... कोण?"

"जिच्यासाठी चाललंय हे सगळं."

"मॅलिक," तो हुंदका देत म्हणाला.

"नाव बरंय. काय करते?"

त्यानं लालभडक डोळे माझ्याकडे वळवले. पापण्या भिजून एकमेकींना चिकटल्या होत्या, आणि त्या अवस्थेतही त्याला हसू फुटलं... खरं सांगते, त्या हसण्यानं माझी जरा पंचाईतच केली.

"ती पिंपात असते," तो म्हणाला. "रसायन आहे, पांढऱ्या वड्यांचं, तिखट वाफेचं. झाकण काढलं आणि वाकून बघितलं."

"वाकून बघायला ती काय विहीर आहे? आणि गॉगल कुठाय?"

"त्यावर धुकं धरतं. काही दिसत नाही."

"आता फार दिसतंय ना." मी गळ्यातला टॉवेल नळाखाली धरला, पिळला आणि त्याच्या डोळ्यांवर ठेवला. "दाबून धर. चोळू नकोस. कुठून आलास?"

"अ‍ॅडलेडहून. मी नवा केमिस्ट."

"अरे देवा," मी म्हटलं, "म्हणजे तू माझ्याच गळ्यात."

कारण तीन नंबरची लाइन माझी. मी पेनीना. एका बाजूनं प्लॅस्टिकचे दाणे आत घ्यायचे, तापत्या नळीत दोन लांबलचक स्क्रूंनी ते मळायचे आणि दुसऱ्या बाजूनं शेवयांसारखे बाहेर काढायचे, असं माझं मशीन. मार्सेलला त्यात काय हवं होतं, ते त्यानं दुपारी चहाच्या वेळी सांगितलं. देशाच्या आतल्या कोरड्या गावांकडे पाणी नेणारे पोलादी पाइप असतात. ते गंजू नयेत म्हणून त्यांच्यावर प्लॅस्टिकचं कातडं चढवतात. पण हे प्लॅस्टिक म्हणजे मेणाचा थोरला भाऊ, ते पोलादाला काही केल्या धरत नाही.

"म्हणून त्याच्यावर कलम करायचं," मार्सेल म्हणाला. "माझ्या आजोबांनी इथं जवळच सनशाइनला, आई आता राहते त्या घराच्या परसात, एका लिंबाच्या झाडावर संत्र्याचं कलम बांधलं होतं. तसंच हे. प्लॅस्टिकच्या लांब साखळीला मॅलिकची फांदी जोडायची. ती फांदी पोलादाला धरते."

"आणि धरलं नाही तर?"

"जूनअखेर पाइपवाल्या बाई बघायला येणार आहेत. त्यांच्यासमोर धरलं नाही तर काम बंद... आणि मी परत अ‍ॅडलेडला."

तेव्हा मला त्याचं काहीच वाटलं नाही. जाईना का, म्हटलं, माझी लाइन तरी मोकळी होईल.

मग रोजचं सुरू झालं. त्यानं आकडे द्यायचे, मी मशीन चालवायचं, आणि त्यानं नळीच्या धुराड्यापाशी उभं राहून नाक-डोळे गाळायचे. न जुळलेलं मॅलिक तिथून वाफ होऊन बाहेर पडतं. पंपानं ते ओढून घ्यायचं असतं, पण पंप म्हातारा, आणि मार्सेलनं तो हळूच चालवायचा ठरवला होता. जास्त ओढलं तर जुळायच्या आधीच मॅलिक उडून जाईल, असं त्याचं गणित. दर थोड्या वेळानं मी ओला टॉवेल घेऊन जायची.

"गॉगल घाल, साहेब."

"धुकं धरतं, सांगितलं ना."

"मग मी काय तुझी टॉवेलवाली आहे?"

"नाहीस?" तो टॉवेलाआडून म्हणायचा. "मला वाटलं, तेवढ्यासाठीच येतेस..."

हे असलं. आमच्या फोरमन ग्लेनिसबाई, साठीच्या, तोंडात कायम चघळायची बार्लीची गोळी, लांबून बघायच्या आणि मान हलवायच्या.

आमच्याकडे एक रीत आहे. दिवसाचं काम संपलं की मशीनच्या पोटात उरलेला माल ओकून टाकावा लागतो. तो वितळलेला गोळा थंड होता होता वाट्टेल तो आकार घेतो, आणि ज्याचा आकार मजेशीर तो खिडकीच्या फळीवर जातो. मार्सेलचा स्टीलचा डबा माझ्या मशीनच्या टपावर असायचा. त्यात आईनं दिलेल्या पास्तिझी, म्हणजे चीज भरलेल्या खुसखुशीत करंज्या, असत आणि टपावर त्या गरम राहत. एके संध्याकाळी मी हातमोज्यात गोळा धरून त्या डब्याच्या झाकणावर ठेवून दिला. गोगलगाय झाली होती. घरी निघताना त्यानं नखानं टिचकी मारली, गोगलगाय टण्णकन उडून जमिनीवर पडली.

"ही कोण?"

"तू. टेस्टचा निकाल आणायला जातोस तेव्हा."

दुसऱ्या दिवशी ग्लेनिसबाईंचा अंबाडा. मग एक बूट. मग एक काहीतरी, ज्याला तो बटाटा म्हणाला आणि मी हृदय म्हणणार होते, पण म्हटलं नाही. सगळे टिचकीसरशी निघायचे. तो एकेक उचलून लॅबच्या खिडकीत मांडायचा. ते सहज सुटत होते म्हणजे आमचा मालही पोलादाला धरत नव्हता, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. लॅबमध्येही तेच चाललं होतं. पोलादी पट्टीवरचं प्लॅस्टिक यंत्रानं ओढलं की केळीच्या सालीसारखं सुटायचं.

जून संपत आला. मार्सेलची थट्टा कमी झाली. आणि माझ्या पोटात एक गोळा बसला, तो काही खिडकीत मांडायच्या लायकीचा नव्हता. हा जाणार, हे मला कळत होतं. सांगायचं तर काय सांगायचं? लोकांना चार गोष्टी सुनवायला माझी जीभ कधी अडखळली नाही. याच्यापुढे मात्र मूग गिळून उभी राहायची.

गुरुवारी मालाचा शेवटचा घाणा होता. वाफ त्या दिवशी इतकी, की मार्सेलचे डोळे टोमॅटोसारखे झाले. तरी तो हलेना. धुराड्याला चिकटून उभा, जणू तिथून काही चांगली बातमी निघणार होती. मला ते बघवेना. तो नमुने घेऊन लॅबकडे वळला आणि मी पंप पूर्ण जोरात सोडला. शिवाय दाण्यांचा वेग निम्म्यावर आणला, म्हणजे वाफही कमी निघेल. तो परत आला तेव्हा हवा स्वच्छ होती.

"आज बरं वाटतंय," तो नाक पुसत म्हणाला.

"वारा फिरला असेल," मी म्हटलं.

काम संपल्यावर आकडे होते तिथे आणून ठेवले. ग्लेनिसबाईंच्या राज्यात न विचारता आकडा हलवणं म्हणजे घरचा रस्ता धरणं. शेवटचा गोळा पडला तो थेट पेलिकन. चोच, चोचीखाली लोंबणारी पिशवी, सगळं होतं. त्याच्या डब्यावर ठेवला. निरोपाचा म्हणून ठेवला, खोटं कशाला बोलू. त्या दिवशी तो शेवटच्या पट्ट्या करत लॅबमध्येच अडकला, डबा तिथेच राहिला.

शुक्रवारी सकाळी तो डबा दोन्ही हातांत धरून पळत आला.

"पेनीना... हा निघत नाही."

"टिचकी मार."

"मारली. स्क्रूड्रायव्हर घालून पाहिला. स्क्रूड्रायव्हर वाकला. धरलंय. पोलादाला धरलंय... कळतंय का तुला?"

लॅबमध्ये गुरुवारची शेवटची पट्टी यंत्राला लावली. यंत्र ओढतंय, ओढतंय, प्लॅस्टिक ताणलं, पांढरं पडलं, शेवटी मधूनच फाटलं, पण पोलादावरून सुटलं नाही. मार्सेलनं मला चक्क मिठी मारली, मग भान येऊन ग्लेनिसबाईंनाही मारली, म्हणजे हिशेब बरोबर.

पाइपवाल्या बाई दुपारी आल्या. त्यांचं नाव ऑड्रा, स्वभाव कोरडा. त्यांनी फाटलेली पट्टी उलटसुलट करून पाहिली. "छान आहे," त्या म्हणाल्या. "आता माझ्यासमोर पुन्हा करा. एकदा जमलं ते नशिबानंही जमतं."

मार्सेल हसला. आणि मला आपले आकडे दिले. तेच, जुने.

मी काय करणार होते? सगळ्यांसमोर सांगायचं की साहेब, काल मी तुमचे आकडे गुंडाळून ठेवले होते? मनात म्हटलं, पंपाचा काय संबंध, माल तोच आहे, जमेल. चालवलं. गोळा पडला. मार्सेलनं गरम पोलादी पट्टीवर घेतला, निवू दिला आणि टिचकी मारली.

टण्ण.

तो आवाज मी कधी विसरणार नाही. ऑड्राबाईंनी पर्स उचलली. ग्लेनिसबाईंनी तोंडातली गोळी कडकन चावली. मार्सेलनं खाली वाकून गोळा उचलला, हातात फिरवला, आणि मग हळूच मला म्हणाला, "हा बशीसारखा दिसतो, नाही?"

त्या वाक्यानं माझा बांध फुटला. हा माणूस बुडत होता आणि बुडताना माझ्याशी गोळ्यांचा खेळ खेळत होता.

"थांबा," मी म्हटलं. "काल मी आकडे बदलले होते."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"कुठले?" मार्सेलनं विचारलं.

"पंप पूर्ण सोडला. दाणे निम्म्या वेगानं घेतले."

त्याची नजर मशीनवर गेली, मग छतावर, मग तो स्वतःशीच पुटपुटायला लागला. "निम्म्या वेगानं... म्हणजे आत जास्त वेळ राहिलं. जुळायला सवड मिळाली. आणि न जुळलेलं सगळं पंपानं ओढून नेलं... नाहीतर तेच पोलादाच्या आणि प्लॅस्टिकच्या मध्ये येऊन बसतं, पिठी लावल्यासारखं... माझंच गणित उलटं होतं." तो एकदम माझ्याकडे वळला. "पण तुला हे सुचलं कसं?"

"सुचलं नाही."

"मग का बदललेस?"

"पेनीना," ग्लेनिसबाई म्हणाल्या, "उत्तर दे. मलाही ऐकायचंय."

आता माझे गाल-कान तापले, आणि तेही एका अनोळखी बाईसमोर, अंगात तेलकट डगला असताना.

"तुझ्या डोळ्यांना त्रास होत होता म्हणून," मी म्हटलं. "मला बघवत नाही तू... असा उभा असलास की. बास. आणि तू अ‍ॅडलेडला गेलेलं मला चालणार नाही. आता काढा कामावरून."

ऑड्राबाईंनी पर्स परत टेबलावर ठेवली.

मार्सेलचे कान लाल झाले होते. त्यानं डगल्याच्या खिशात हात घातला आणि गॉगल बाहेर काढला. डोळ्यांवर चढवला, सरळ धुराड्यापाशी गेला, वाफेत तोंड घालून उभा राहिला, मग माझ्यासमोर येऊन थांबला. काचा स्वच्छ होत्या. आतून त्याचे डोळे लख्ख दिसत होते, हसरे आणि घाबरलेले.

"यावर धुकं धरत नाही," तो म्हणाला. "कधीच धरलं नाही. पहिल्या दिवशी घालायलाच विसरलो होतो, म्हणून ती सबब."

"मग इतके दिवस..."

"घातला असता तर तू टॉवेल घेऊन आली नसतीस ना."

इतका शिकलेला माणूस आणि इतका वेडा. मग मला हसू फुटलं आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. धुराड्यापासून मी चांगली लांब होते, वाफेवर ढकलायची सोय नव्हती.

"दोघंही महामूर्ख," ग्लेनिसबाई म्हणाल्या. "एकानं गॉगल घातला नाही, एकीनं न विचारता आकडे हलवले. दोघांनाही ताकीद. आता कालचे आकडे लावा, ऑड्राबाईंची विमानाची वेळ होईल."

लावले. या वेळी गोळा पट्टीवर पडला तसा बसला. ऑड्राबाईंनी स्वतः टिचकी मारली, मग पेन घातलं, मग किल्ली. शेवटी वाकलेल्या किल्लीकडे बघत त्या म्हणाल्या, "ठीक आहे. काम पुढे चालू द्या."

रविवारी चर्चनंतर मार्सेल आमच्याकडे जेवायला आला. आमचं घर मूळचं बेटांवरचं, सामोअन; तिथलं रविवारचं जेवण म्हणजे एका टोकाला मावश्या, दुसऱ्या टोकाला मावश्या, आणि मध्ये पोरगा. त्यानं अळूच्या पानात भाजलेलं नारळाचं दूध तीनदा वाढून घेतलं, तेव्हा एक मावशी म्हणाली, "जेवतो तरी बरा." बदल्यात त्यानं आईपुढे पास्तिझींचा डबा ठेवला.

आईला डाग खपत नाही. तिनं झाकणावरचा पेलिकन पाहिला, नखानं खरवडला, मग सुरी घेतली, मग उकळतं पाणी ओतलं. पेलिकन जागचा हलला नाही.

"काय गं लावलंयस हे?" तिनं विचारलं. "निघेल का नाही कधी?"

टेबलाखाली मार्सेलनं माझा हात धरला.

"नाही, आई," मी म्हटलं. "राहू दे."