बसल्यावरचं माप

साईडकार तीन खोक्यांतून आली. एकात बैठक, दुसऱ्यात नळ्यांची चौकट, तिसऱ्यात चाक आणि नट-बोल्टांच्या पिशव्या. सोबत एक माहितीपुस्तिका होती, ती वाचून माझं डोकं फिरलं. ‘चाक किंचित आत वळवावे.’ ‘मोटरसायकल थोडीशी बाहेर कलती ठेवावी.’ किंचित म्हणजे किती? थोडीशी म्हणजे कुणाची थोडीशी? मी तांत्रिक शाळेत मापन शिकवते. माझ्या वर्गात कुणी ‘अंदाजे’ म्हटलं की मी त्याला उभं करते, आणि घरातही तो शब्द चालवून घेत नाही. आमचे हे म्हणतात, मला होकार देण्याआधी तू फुटपट्टी लावून पाहिली असशील. उंचीसाठी लावली होती, खोटं कशाला बोलू?

आमच्या घरात गाडी मी चालवते आणि हे मागे बसतात. गाडीही तशीच आहे, लांबच्या प्रवासाची, दणकट, उभी केली तरी दारातून अर्धी बाहेर राहणारी. हे भूगोलाचे मास्तर. प्रवासात नकाशा माझ्या पाठीवर पसरून मला रस्ता सांगायचे, आणि वारा सुटला की नकाशा सावरायच्या नादात माझ्या पाठीत दोन-चार गुद्दे बसायचे. अशी बरीच वर्षं आम्ही मजेत भटकलो. मग हे आजारी पडले.

आजारपणाचं फार सांगत बसत नाही. एका संध्याकाळी डॉक्टरांनी मला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि सांगितलं, रात्र निघणं कठीण आहे, कुणाला बोलवायचं असेल तर बोलावून घ्या. मी कुणालाही बोलावलं नाही. बाकावर बसून मनातल्या मनात एकच घोकत राहिले, मी यांना सोडणार नाही, सोडणार नाही. सकाळी नर्सने आत नेलं, तर हे उशीला टेकून बसले होते आणि चहात साखर कमी म्हणून कुरकुर चालली होती. असं कधीकधी होतं, डॉक्टर म्हणाले. का होतं ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

घरी आल्यावर हे हळूहळू हिंडूफिरू लागले, पण कशाला ना कशाला धरून. टेबलाची कड, दाराची चौकट, नाहीतर माझा खांदा. अशक्तपणा, दुसरं काय असणार. मागच्या सीटवर एकदा बसून पाहिलं, तर पाय टेकत नाहीत म्हणाले आणि लगेच उतरले. गाडी गॅरेजमध्ये धूळ खात पडली. मला हे परत गाडीवर हवे होते. आपण कुठेतरी जातोय आणि हे शेजारी बडबड करतायत, एवढंच हवं होतं. बाकी कसली हौस उरली नव्हती. म्हणून साईडकार.

एका सुटीच्या दिवशी सकाळीच मी कामाला लागले. मदतीला गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेला वेल्डर आला होता. चौकट गाडीला धरून ठेवणाऱ्या चारपैकी एक पट्टी त्यानेच बनवून दिली होती. माणूस बडबड्या, पण हात सरळ. येताना स्वतःचा जॅकही घेऊन आला होता.

साईडकार लावायची म्हणजे नुसते बोल्ट आवळायचे असं नसतं. तिचं चाक गाडीच्या चाकांना अगदी समांतर ठेवलं, तर गाडी सारखी तिच्या बाजूला ओढते. म्हणून ते पुढून जरासं आत वळवायचं. गाडी तिच्यापासून जराशी बाहेर कलती ठेवायची. आणि मुख्य म्हणजे ही दोन्ही मापं माणसं बसल्यावरची घ्यायची. रिकाम्या साईडकारवर घेतलेलं माप खोटं. माणूस आत बसला की स्प्रिंग दबते, चौकट खाली जाते आणि आधीचे सगळे आकडे वाया जातात.

हे अजून झोपले होते, त्यांना उठवायचं जिवावर आलं. मी वाळूच्या पिशव्या भरल्या. वजनकाट्यावर एकेक तोलून पासष्ट किलो केलं. यांचं आजारपणाआधीचं वजन, त्यातून थोडं वजा. पिशव्या बैठकीवर रचल्या, तशी स्प्रिंग दोन बोटं खाली बसली. मी गाडीवर बसले. वेल्डरने दोन्ही बाजूंच्या चाकांना लांब सरळ नळ्या लावल्या आणि पुढचं-मागचं अंतर मोजून मला ओरडून सांगत राहिला. हँडलला बांधलेला ओळंबा डुलायचा थांबला की मी गाडीचा कल वाचायची. दोन तास आम्ही एकेक आटा फिरवत होतो. शेवटी गल्लीतून एक फेरी मारली आणि हँडलवरचे हात क्षणभर सोडून पाहिले. गाडी दोरी धरल्यासारखी सरळ गेली. मला इतका आनंद झाला की रिकाम्या गल्लीत उगाच हॉर्न वाजवला.

त्या आवाजाने हे उठून आले. दाराच्या चौकटीला धरून पिशव्यांकडे बघत म्हणाले,

“माझ्या जागी वाळू बसवलीस? तुझं भागत असेल तर मी जातो परत झोपायला.”

“वाळू बडबड करत नाही,” मी म्हटलं. “या, बसा. खरं माप घेऊ.”

आम्ही पिशव्या उतरवल्या. वेल्डर हौसेने पुढे झाला. “थांबा साहेब, मी चढवतो.” त्याने यांच्या काखेत हात घातले आणि उचललं. भरलेली समजून रिकामी बादली उचलावी तसा तो दोन पावलं मागे धडपडला. यांना त्याने अलगद आत ठेवलं आणि स्वतःच्या हातांकडे बघत उभा राहिला.

“साहेबांना जेवण जातं ना, वहिनी?”

“जातं की. माझ्याहून जास्त.”

“बरंय.” त्याने हात पँटला पुसले. “बारीक झालेत. फारच.” मग म्हणाला, “दुकान उघडं राहिलंय माझं.” आणि गेला. जॅक तिथेच राहिला. तो न्यायला वेल्डर पुन्हा आलाच नाही; मी दुकानात नेऊन दिला, तेव्हा त्याने मान खाली घालून घेतला आणि साहेब कसे आहेत हेही विचारलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या वेळी मी गाडीवर बसले आणि ओळंब्याकडे पाहिलं. रिकाम्या साईडकारला तो जिथे होता, तिथेच होता. उतरून स्प्रिंग बघितली. ती दबलीच नव्हती.

“काय झालं?” यांनी नकाशा उघडला होता.

“स्प्रिंग अडकतेय.”

“मग तेल घाल.”

तेल घातलं. यांना उतरवून पिशव्या ठेवल्या, स्प्रिंग दोन बोटं खाली बसली. पिशव्या काढल्या, वर आली. हे बसले. बैठकीचं रेक्झिनसुद्धा यांच्याखाली चुरगळलं नाही. मी पुन्हा पिशव्या ठेवल्या, पुन्हा काढल्या. माझ्या मापनाच्या वर्गात एकच माप तीनदा घ्यायचा नियम आहे. तिन्ही वेळा तेच आलं. हे बिचारे तक्रार न करता उतरत होते, चढत होते, आणि उतरताना चौकटीची नळी घट्ट धरत होते.

रस्त्यावर बघू, मी स्वतःला म्हटलं. साईडकार डावीकडे, त्यामुळे डावं वळण घेताना ती रिकामी असेल तर तिचं चाक उचलतं. आत माणूस असेल तर उचलत नाही. यांना पट्टा बांधला आणि निघाले. कोपऱ्यावर किराणावाल्याने हात केला, “काय मास्तर, स्वारी निघाली?” यांनीही हात केला. मी बेताच्या वेगात डावं वळण घेतलं.

चाक जमिनीवरून सुटलं. साईडकार माझ्या कोपरापर्यंत वर आली.

“अगं, उडालो!” हे हसत होते. “पुन्हा घे, पुन्हा घे!”

मी गाडी सावरली, वेग अगदी कमी केला आणि हळूहळू घरी आणली. हातांना घाम फुटला होता, हँडल निसटत होतं. तरी मनातल्या मनात मी अजून स्प्रिंगच्या दोषांची यादी करत होते.

गॅरेजमध्ये सकाळचा वजनकाटा पडलेलाच होता. मी तो पायाने सरकवून यांच्यापुढे आणला.

“अहो, जरा यावर उभे राहा.”

यांनी काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहऱ्यावरचं हसू कुठेतरी गेलं.

“कशाला?”

“माप घ्यायचंय.”

“घ्यायलाच हवं?”

मी काटा आणखी पुढे सरकवला. यांनी एक चप्पल काढली, मग दुसरी. काट्यावर पाय ठेवले. एक हात दाराच्या चौकटीवर होता. बोटं इतकी घट्ट आवळली होती की नखं पांढरी पडली होती. अशक्त माणूस आधारासाठी धरतो तसं ते नव्हतं. काट्याच्या खिडकीतला आकडा मला उभ्याने दिसत नव्हता, वाकावं लागलं असतं.

“हात सोडू का?” हे म्हणाले. अगदी हळू, समजुतीच्या आवाजात. मी सांगितलं असतं तर यांनी सोडला असता.

मला तो बाक आठवला. डॉक्टरांना न विचारलेला प्रश्न आठवला. आकडा कळला असता, पण त्या आकड्याचं पुढे मी काय करणार होते? मोजलेली गोष्ट नाकारता येत नाही. मी आजवर शेकडो मुलांना हेच शिकवलंय.

“नको,” मी म्हटलं. “उतरा खाली.”

काटा उचलून माळ्यावर टाकला, पार मागे. आयुष्यात पहिल्यांदा मी एक माप अर्धवट सोडलं. मग तिथेच खोक्यावर बसून रडले. हे शेजारी बसले, माझा दंड धरून.

दुसऱ्या दिवशी मी बैठकीची गादी काढली आणि तिच्याखाली पासष्ट किलो वाळू पट्ट्यांनी आवळून बसवली. वर गादी ठेवली. हे दारातून सगळं बघत होते. काम झाल्यावर म्हणाले, “चहा टाकू? तुझ्या हातचा मला नको, साखर कमी असते.” वाळूविषयी आम्ही एक शब्द बोललो नाही.

शाळेला सुट्टी लागली तेव्हा निघालो. गाडी सरळ गेली, वळणं सुरेख घेतली. हे नकाशा मांडीवर घेऊन बसले होते आणि माझ्या पाठीत आता गुद्दे बसत नव्हते, त्याची मला थोडी चुटपुट लागली. दोन दिवस मी इतकी सुखात होते की सांगता येत नाही. जेवताना, गाडीत पेट्रोल भरताना, हे अनोळखी लोकांशी गप्पा मारायचे, आणि लोकही मारायचे. कुणाला काही वावगं दिसत नव्हतं. मी म्हटलं, चाललंय ते असंच चालू दे.

तिसऱ्या दिवशी घाट चढलो. माथ्यावर रस्ता रुंद झाला होता, तिथे कमरेएवढी भिंत होती आणि भिंतीपलीकडे दरी. चार-पाच गाड्या उभ्या होत्या, लोक फोटो काढत होते. वारा चांगलाच होता.

“थांब,” हे म्हणाले. “खाली नदी दोन फाटे फोडते. मी आयुष्यभर फळ्यावर काढली ती. बघू दे.”

“बसूनच बघा.”

“भिंत आड येते गं.”

यांनी स्वतःच पट्टा सोडला. मला नाही म्हणता आलं नाही. यांची फक्त एवढीच हौस होती, आणि मी यांना त्यासाठीच तर इथवर आणलं होतं.

“हात धर,” हे म्हणाले.

मी धरला. हे उभे राहिले. एक पाय बाहेर ठेवला, मग दुसरा. दुसऱ्या हाताने साईडकारची कड पकडली होती, ती सोडली.

“ती बघ. डावीकडची धाकटी.”

मी बघितलं. खाली ऊन होतं आणि दोन बारीक चकाकत्या रेघा. यांचा चेहरा कितीतरी महिन्यांनी असा खुलला होता.

माझ्या हाताला ओढ लागली.

वारा समोरून होता. पण ओढ मागे नव्हती. हे माझ्यावर रेलले असते तर हात खाली गेला असता.

मी दोन्ही हातांनी धरलं.

“हात दुखला की सांग,” हे नदीकडेच बघत म्हणाले. “मग बसतो.”

“नाही दुखत,” मी म्हटलं. “बघा तुम्ही.”

तोवर माझे हात माझ्या खांद्यांच्या वर गेले होते.