दहा-चाळीसची चादर

दर दहा दिवसांनी, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, एक उपग्रह त्या डोंगराळ भागावरून जायचा आणि दुपारच्या चहापर्यंत त्याने टिपलेलं चित्र ताईंच्या पडद्यावर यायचं. हिरवं कुठे वाढलं, कुठे वाळलं, हे बघून महिन्याचा नकाशा करायचा, ही ताईंची नोकरी. चौदा वर्षं त्यांनी ती चोख केली होती. ऑफिसात सगळेच त्यांना ताई म्हणत, वयाने मोठे असलेले साहेबसुद्धा.

पडद्यावर जे दिसतं ते जमिनीवर खरंच आहे का, हे चालत जाऊन बघणारा एकच माणूस होता. त्याला सगळे पायपीट म्हणायचे आणि त्यालाही ते आवडायचं.

"उपग्रह वरून बघतो, मी खालून बघतो, आणि तुम्ही मध्ये बसून चहा पिता," तो म्हणायचा.

"कुणीतरी प्यायला हवा ना," ताई म्हणायच्या.

डोंगरात फोन लागत नसे, म्हणून दोघांनी एक रीत पाडली होती. त्याच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, पांढऱ्या चादरी जोडून एक भलीमोठी चादर शिवून दिली होती. जिथे काही खटकेल तिथे पायपीट ती दहा-चाळीसच्या आधी अंथरायचा आणि चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवायचा. हिरव्यात पांढरा ठिपका दिसला की ताई पायथ्याच्या चौकीला फोन करायच्या आणि तिथून माणसं वर जायची.

त्या दिवशी नकाशा द्यायची मुदत संपत होती आणि संध्याकाळी ताईंच्या लेकीचं शाळेत नाटक होतं. चित्रात ढगांचे पुंजके होते. ढग आला की तेवढा भाग खोडायचा आणि तिथे मागच्या फेरीचं हिरवं भरायचं, ही नेहमीची पद्धत. ताई भराभर खोडत गेल्या. एका उतारावर एक छोटा पांढरा ठिपका होता. ढगाला सावली असते, आधी सावली शोधा, हे त्या स्वतःच नव्या लोकांना शिकवायच्या. त्यांनी सावली शोधली नाही. ठिपका खोडला, हिरवं भरलं आणि पर्स उचलली. लेकीने नाटकात छान काम केलं.

चौथ्या दिवशी तो उतार खाली आला. पायपीट तंबू टाकून तिथेच थांबला होता, चौकीच्या माणसांची वाट बघत. मातीत तो सापडला, त्याची वही सापडली. वहीत जमिनीच्या भेगेची रोजची मापं होती. चादर मात्र सापडली नाही.

चौकशी समितीने ताईंकडून लेखी खुलासा मागितला. काहीही न खोडलेलं मूळ चित्र त्यांच्या कपाटातल्या डिस्कवर होतं. त्यांनी लिहिलं, त्या दिवशी त्या भागावर ढग होता. एका ओळीत काम भागलं. समितीने निष्कर्ष काढला की पायपीटने कुणालाही न कळवता धोक्याच्या जागी मुक्काम केला, चूक त्याचीच.

पुढच्या फेरीचं चित्र लख्ख आलं. आकाशात ढगाचा मागमूस नव्हता. दरडीच्या खाली, नदीच्या कोरड्या पात्रात, एक पांढरा ठिपका होता. ताईंनी या वेळी सावली शोधली. सावली नव्हती.

"हे काय असेल रे?" त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला विचारलं.

"ढगाचा तुकडा. खोडून टाका."

त्यानंतरच्या फेरीत ठिपका हमरस्त्याच्या कडेला होता. त्यापुढच्या फेरीत शहराच्या वेशीवर. ताईंनी दोन्ही खेपेला तो खोडला. घरी त्या अर्ध्या ताटावरून उठायच्या. लेक विचारायची, आई, बरं नाही का? त्या म्हणायच्या, डोकं दुखतंय.

मग एका दुपारी वहिनी ऑफिसात आल्या. मांडीवर पिशवी घेऊन ताईंसमोर बसल्या.

"ताई, मी भांडायला नाही आले. एकच विचारते. त्या दिवशी खरंच ढग होता?"

"हो, वहिनी."

"मग माझं शिवणच कमी पडलं. आणखी दोन चादरी जोडायला हव्या होत्या."

इतकी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती. तरी त्यांनी फक्त चहा मागवला. वहिनी चहा न घेता गेल्या.

चौथ्या फेरीत ठिपका ताईंच्या स्वतःच्या राहत्या इमारतीवर होता.

आता मात्र त्यांनी डिस्क काढली. साहेबांना आणि सहकाऱ्याला बोलावलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. ढग नव्हता, चादर होती, मी घाईत खोडली आणि नंतर खोटं लिहिलं. मूळ चित्र समितीला पाठवा, पायपीटवरचा ठपका काढा. मग त्यांनी चित्र उघडलं.

उतार हिरवागार होता. ढगांचे पुंजके जागच्या जागी होते. ठिपका नव्हता. ताईंनी मागच्या फेरीचं जे हिरवं तिथे भरलं होतं, अगदी तेच मूळ चित्रात होतं. फाईलला त्या दिवसानंतर कुणी हात लावल्याची नोंद नव्हती.

"यात काहीच नाही, ताई," साहेब हळू आवाजात म्हणाले. "तुम्ही फार मनाला लावून घेतलंय. थोडे दिवस रजा घ्या."

ताईंनी वहिनींना फोन केला.

"वहिनी, ढग नव्हता. चादर दिसली होती मला. पण आता ते दाखवायला माझ्याकडे काही उरलं नाही."



"ते म्हणायचे," वहिनी म्हणाल्या, "ताईंना दिसेपर्यंत मी चादर उचलत नाही."

फोन बंद झाला.

पुढच्या फेरीच्या सकाळी लेक शाळेत गेल्यावर ताई गच्चीवर गेल्या. ऊन कडक होतं. आकाश स्वच्छ.

गच्चीच्या मधोमध चार दगड होते. चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर, प्रत्येकी एक. दगडांना लाल माती चिकटलेली होती.

मध्ये काहीच नव्हतं. नुसती फरशी.

ताईंनी घड्याळ पाहिलं. दहा चाळीसला एक मिनिट कमी होतं.

त्या दगडांच्या आत जाऊन उभ्या राहिल्या.

पाण्याच्या टाकीची सावली फरशीवर पडली होती. कपड्यांच्या दोरीची बारीक सावली पडली होती. त्या चार दगडांचीही पडली होती.

ताईंची नव्हती.