रिकाम्या खड्ड्याची राखण

मोबाईल बाजूला ठेवा सगळे. श्रीहरी, तुझा बी. गोष्ट सांगा म्हणायचं अन् डोळे तिकडं, असलं मला चालत न्हाई. करंट आता घंटाभर तरी येत न्हाई, चिटगुप्प्याला हे रोजचंच झालंय. अन् मधी मधी बोललात तर उठून जाईन, आधीच सांगून ठेवतो.

हे माझ्यासंगं घडलेलं न्हाई. माझा साडू काशप्पा, निर्ण्याचा, त्याच्यासंगं घडलं. काशप्पा दारूला शिवत न्हाई. वाटंत साप आडवा आला तर काठीनं बाजूला सारून पुढं जाणारा गडी. खोटं बोलायचं म्हणलं की त्याला घाम फुटतो, म्हणून तर त्याचं दुकान चाललं न्हाई.

चोवीस साल. फेब्रुवारीची अकरा तारीख, रविवार. अमावस्या होऊन दोनच दिवस झालते. काशप्पा जेवला, चहाचा थर्मास घेतला, घोंगडं खांद्यावर टाकलं अन् रेवणसिद्धप्पाच्या शेताकडं निघाला. काम एवढंच, एका खड्ड्याजवळ रातभर बसायचं.

खड्डा कामून म्हणता? सांगतो, दम धरा.

रेवणसिद्धप्पाचा थोरला पोरगा गुरुबसव. बत्तीस वर्षांचा, हसतमुख, काशप्पाला मामा मामा करायचा. गुरुवारी मोटरसायकलवरनं पडला, डोकं दगडावर आपटलं. कलबुर्गीला मोठ्या दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी दोनदा तपासलं अन् शनिवारी सांगितलं, मेंदू मेलाय...

"ब्रेन डेड, अज्जा," सौम्या म्हणाली. "म्हणजे माणूस गेलाच. छाती हलती ती मशीननं."

व्हय बाई, तू नर्सिंग शिकायलीस, तुला कळतं. सिद्धव्वाला कसं कळावं? आई हाय ती. म्हणाली, "छाती हलायलीय, अंग ऊन हाय, अन् मेला कसा?" धाकटा बसवप्रभु समजावून समजावून थकला. डॉक्टर म्हणले, सही करा, मशीन काढतो. सिद्धव्वा म्हणाली, "मशीनला हात लावंल त्याचा हात मोडीन." तिच्या अंगावर कोण जाणार?

पण त्याच्या आधी बसवप्रभुनं एक चूक केलती. शनिवारी डॉक्टरांचं ऐकलं अन् रडत रडत गावात फोन केला, "अण्णा गेला, तयारी करा." बापानं लगेच खड्डा खणायला लावला. आपल्या लिंगायतांत मेलेल्या माणसाला आडवं निजवत न्हाईत, मांडी घालून बसवतात. तसा आत कोनाडा बी कोरला. अन् अंधार पडायला दुसरा फोन आला... आई आणू देत न्हाई म्हणून.

आता खणलेला खड्डा रिकामा सोडता येत न्हाई. नुसता बुजवावा तर दुसऱ्या कुणाचा जीव मागतो म्हणतात. मग राखण. शनिवारची रात दोघं बसले. रविवारी काशप्पाची पाळी, अन् जोडीला येणारा वीरण्णा तापानं पडला. काशप्पा एकटाच.

बसला. चहा घेतला. बारा वाजले, एक वाजला. बाजूला तुरीचं रान मोकळं झालेलं. वारा न्हाई. कुत्रं न्हाई.

दीडच्या सुमाराला खड्ड्यातनं आवाज आला.

फुस्स...

थांबला.

फुस्स...

काशप्पाला वाटलं साप. उठून बॅटरी मारली. खड्डा रिकामा, कोनाडा रिकामा. आवाज चालूच. अन् मग त्याच्या ध्यानात आलं. शुक्रवारी तो दवाखान्यात जाऊन आलता ना. हा आवाज त्यानं ऐकलता. गुरुबसवच्या उशाला.

कसाबसा बसवप्रभुला फोन लावला.

"कसं हाय रे तिकडं?"

"तसंच, मामा. आता काही उरलं न्हाई म्हणून आम्हाला आत बसू दिलंय. अव्वा त्याचा पाय धरून बसलीय. सोडंना."

त्याच्या मागं मशीन वाजायली. फोनात फुस्स. खड्ड्यात फुस्स. एकाच टायमाला.

काशप्पानं फोन कापला.

पळावं म्हणला तर खड्डा सोडता येत न्हाई. घोंगडं डोक्यावरनं घेतलं, डोळे मिटले.

"मामा..."

खड्ड्याच्या पल्याडनं.

काशप्पानं बॅटरी उचलली न्हाई. उचलवलीच न्हाई त्याला.

"मामा, पाय भरून आले."

...

"कालपासून उभा हाय. बसू का?"

आता सांगा, काय म्हणावं माणसानं? व्हय म्हणावं तर सिद्धव्वाचं लेकरू आपल्या तोंडानं गेलं. तिकडं ती पाय धरून बसलीय, ऊठ ऊठ म्हणायलीय. अन् न्हाई म्हणावं तर... ह्यानं उभंच राहायचं का? किती दिस? काशप्पा मला म्हणला, "शिवशंकरप्पा, भ्यायलो तर होतोच. पण भ्यायलो त्यापरीस जास्त वाईट वाटलं रे. पोराचा आवाज लई दमलेला होता."

तो गप बसला.

फुस्स...

"मामा, बसू का?"

दोन वाजले. अडीच. तीन. दर थोड्या वेळानं तेच. आवाज जवळ येईना, लांब जाईना. काशप्पाचा सदरा घामानं चिंब, फेब्रुवारीच्या थंडीत. तोंडात देवाचं नाव येईना.

मग तो आवाज म्हणाला,

"अव्वा सोडंना, मामा... तू तरी सांग."

काशप्पाच्या तोंडातनं निघून गेलं.

"बस, बाळा."

कडेची माती ढासळली... कुणी आत उतरावं तशी. थोडी. मग अजून थोडी.

फुस्स...

अन् बंद.

काही न्हाई. रातकिडा बी न्हाई. मोबाईलवर तीन वाजून दहा मिनिटं झालती. उजाडेपर्यंत काशप्पा घोंगड्यातनं बाहेर आला न्हाई.

सकाळी गावात कळलं, गुरुबसव गेला. कुणी सही केली न्हाई, कुणी मशीनला हात लावला न्हाई. मशीन चालूच होती, काळीज थांबलं. तीन दहाला.

"होतं तसं, अज्जा," सौम्या म्हणाली, पण हळूच. "मशीन श्वास देती, काळीज किती दिस चालंल..."

होत असंल बाई. पुढचं ऐक.

दुपारी गाडी आली. अंग आखडलेलं असंल, मांडी घालायला जड जाईल, म्हणून बायांनी गरम पाणी तयार ठेवलतं. चार माणसं पुढं झाले. काशप्पा त्यातच. चादर काढली.

मांडी घातलेली.

घट्ट. उजवा पाय डाव्यावर, पाठ ताठ. गाडीत आडवा निजवता आला न्हाई, बसवप्रभुनं कलबुर्गीपासनं मिठीत धरून आणलता.

रेवणसिद्धप्पानं विचारलं, "दवाखान्यात कुणी दुमडले पाय?"

"कुणी न्हाई, अप्पा. अव्वाच्या हातातनं त्यानंच ओढून घेतला. मी बघितलो. शिपायानं सरळ करून बघितलं, झाले न्हाईत."

सिद्धव्वा गाडीतनं उतरली. रडत नव्हती. तिनं एकेकाच्या तोंडाकडं बघितलं, सावकाश.

"चार दिस मी ऊठ म्हणले. आईचं ऐकला न्हाई," म्हणाली. "बस म्हणून कोण सांगितलं त्याला?"

काशप्पानं मान खाली घातली. त्यानं हे फक्त मला सांगितलंय. सिद्धव्वा अजून विचारायलीय, एकेका घरी जाऊन. मागच्या सोमवारी माझ्याकडं बी आलती.