सुट्टीवर गेलेलं यंत्र

आउती कार्विनेनची आणि त्या यंत्राची गाठ पडली ती दाताच्या डॉक्टरकडे.

अठ्ठ्याण्णव सालचा फेब्रुवारी होता. बाहेर कुओपिओ शहर गुडघाभर बर्फात रुतलेलं. नंबर यायला वेळ होता, म्हणून तिने समोरचं होड्यांचं जुनं मासिक उचललं आणि शेवटच्या पानावर तिला चार ओळी दिसल्या. लाकडी होड्यांवर देशभरची माणसं संगणकावर गप्पा मारतात. ज्यांच्या कचेरीत त्या गप्पांची वाट बंद आहे, त्यांनी खालच्या पत्त्यावर साधी ई-मेल करावी. ताम्पेरे विद्यापीठातलं यंत्र रोजच्या गप्पा त्यांना पोचवील, आणि त्यांचं म्हणणं तिकडे नेऊन लावील.

आउतीने इकडेतिकडे पाहिलं, खोकल्याच्या आवाजात ते पान फाडलं आणि हातमोज्यात सरकवलं.

तिला त्या गप्पांची गरज होती. वडील जाऊन दोन उन्हाळे झाले होते, आणि त्यांनी हाताने बांधलेली वल्ह्यांची नाव तळ्याकाठी पालथी पडून होती. आईला ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायची. नाताळात आई म्हणाली होती, "आउती, मला ती तशी मेल्यासारखी बघवत नाही गं. यंदा तरंगली तर ठेवू. नाहीतर जुहान्नुसला किनाऱ्यावरच्या होळीत जाऊ दे. जुन्या नावेचा शेवट तिथेच होतो, त्यात अपमान नाही."

जुहान्नुस म्हणजे ऐन उन्हाळ्यातला सण, जूनचा तिसरा आठवडा. त्याच्या आत नाव तरंगवायची होती, आणि आउतीला खिळासुद्धा सरळ मारता येत नव्हता. घरी संगणक नव्हता. विम्याच्या कचेरीत होता, पण हेलसिंकीच्या वरिष्ठांनी त्याभोवती भिंत घातली होती. पत्रं जात-येत, गप्पांचे गट मात्र बंद.

"लोक काम सोडून गप्पा मारतील म्हणून," शेजारच्या टेबलावरची रौनी म्हणाली. रौनीची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. "जसं काही गप्पा मारायला मला संगणक लागतो!"

आउतीने पत्र धाडलं. दहा मिनिटांत उत्तर आलं:

*विनंती मिळाली. पत्रं सोबत: ११.*

अकरा पत्रं! कुणी डांबर कसं उकळावं ते सांगत होतं, कुणी पाइनच्या फळीवरून भांडत होतं. कॉफीच्या सुट्टीत आउतीने सगळी वाचली, आणि परत लिहिताना तिच्याने राहवलं नाही. ती साव्हो प्रांतातली. तिकडची माणसं दगडाशीही दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जात नाहीत. तिने खाली लिहिलं, "धन्यवाद हं, यंत्रा. आज इथे उणे बावीस आहे."

*जादा ओळ समजली नाही.*

"बरोबर ताम्पेरेचं आहे!" रौनी हसली. "तिकडची माणसंही अशीच बोलतात."

मग तो रोजचा खेळच झाला. आउती प्रश्न विचारी, यंत्र तो गटात लावी, उत्तरं आणून देई. आणि प्रत्येक पत्राखाली आउतीची एक जादा ओळ असे. कधी दोन... कधी दहा. ज्याला कळतच नाही, त्याला काय लाजायचं? तिने सांगितलं, नाव तळ्याकाठच्या पिवळ्या घरापाशी आहे, बस जिथून वळते तिथून सात किलोमीटरवर. तिने सांगितलं, बाबांच्या अंत्यविधीला ती रडली नव्हती, पण परवा नावेच्या फळीखाली त्यांचा एक हातमोजा सापडला, आणि मग तासभर थांबता आलं नाही.

*जादा ओळ समजली नाही,* यंत्राने लिहिलं. आणि जरा खाली: *पत्रं सोबत: ४. तिसरं आधी वाचावं. त्यात हातमोज्यासारख्या जुन्या लोकरीने फट कशी भरतात ते आहे.*

"किती हुशार यंत्रं निघालीत," आउती म्हणाली.

"हं," रौनी म्हणाली.

एप्रिलमध्ये हिशेबखात्यातला एकजण आउतीला जेवायला घेऊन गेला आणि ती नावेबद्दल बोलत असताना त्याने दोनदा जांभई दिली. दुसऱ्या दिवशी तिने यंत्राला लिहिलं, "तुझ्यासारखा ऐकणारा माणूस भेटला ना, तर मी त्याच्याशी लग्न करीन. डोळे मिटून."

त्या दिवशी उत्तर यायला चार तास लागले.

*पत्रं सोबत: ०.*

बस. एवढंच.

मे उलटला, बर्फ वितळला. आउती दर शनिवारी आईकडे जाऊन नाव घासत होती, फळ्या बदलत होती, डांबर फासत होती. आई खिडकीतून बघे, बाहेर मात्र येत नसे. आणि मग जुहान्नुसच्या आठवड्यात, सोमवारी सकाळी, हे आलं:

*सूचना. यंत्र गुरुवारी संध्याकाळपासून जुलैअखेरपर्यंत सुट्टीवर राहील.*

आउतीने ते रौनीला मोठ्याने वाचून दाखवलं. रौनीचा कप हातातच राहिला.

"काय म्हणालीस? यंत्र... सुट्टीवर?"

"हो. सगळा देशच जुलैत सुट्टीवर असतो."

"देश असतो गं! यंत्र कशाला जाईल? त्याला काय तळ्याकाठी झोपडी आहे? वाफेच्या न्हाणीत बसून बर्च झाडाच्या डहाळ्यांनी पाठ बडवून घ्यायचीय?" रौनी टेबलाला धरून हसत होती. "आणि मला एक सांग, दोन ते सव्वादोन या वेळात तुझ्या यंत्राचं उत्तर कधी आलंय?"

आउतीने आठवून पाहिलं. नव्हतं. एकदाही नव्हतं.

"कॉफी पितंय ते," रौनी म्हणाली.

आउतीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. हातमोजा... उणे बावीस... आणि एप्रिल. अरे देवा, एप्रिल! तिने लिहिलं, "तू माणूस आहेस का?"

दोन वाजले. सव्वादोन. अडीच.

*हो,* उत्तर आलं. *माझं नाव इलारी लेपोला. मार्चमध्ये इथला प्रोग्राम मोडला. तेव्हा पत्रं मागणारी तू एकटीच उरली होतीस. दुरुस्तीपेक्षा हाताने पाठवणं सोपं होतं, म्हणून पाठवत राहिलो. हे खरं नाही. दुरुस्तीला एक तास लागला असता. जादा ओळी सगळ्या समजल्या होत्या. एप्रिलमधलीसुद्धा. मला माफ कर.*

"बघू बघू," रौनीने मान पुढे काढली. आउतीने पडदाच बंद केला.

"फसवलं त्याने मला."

"फसवलं? अगं, तीन महिने तुझी टपालं वाहिली पोराने! माझ्या नवऱ्याने लग्नाआधी एकदा माझी पिशवी उचलली होती, तेही चुकून."

पण आउतीचा राग गेला नाही. मंगळवारी सकाळी पत्रं आली, तिने उघडली नाहीत. संध्याकाळी शेजारचा तौनो आणि तिने मिळून नाव पाण्यात ढकलली. नाव लगेच पाण्याने भरली. ते अपेक्षितच होतं. सुकलेलं लाकूड आधी पाणी पितं, फुगतं, मग फटी आपोआप मिटतात. बुधवारी सकाळी बाकी फटी मिटल्या होत्या. पण तळाशी, कण्याला लागून एक फट राहिली होती, आणि तिच्यातून पाणी झऱ्यासारखं वर येत होतं.

"तिथे हात पोचायचा नाही," तौनो म्हणाला. "शुक्रवारी संध्याकाळी पोरं होळी रचायला येतील. मी सांगतो त्यांना, वरच्या टोकाला जागा ठेवा."

आउतीने बुधवारी कचेरीतून गटाला प्रश्न पाठवला. कोरडा प्रश्न, जादा ओळ नाही. पाठवताना बोट क्षणभर थांबलं... पण नाहीच.

इलारीचं उत्तरही कोरडं होतं. *विनंती मिळाली.* गुरुवारी दुपारी कचेरी सणासाठी बंद झाली. तोवर गटातून कुणीच काही सुचवलं नव्हतं. आता भिंतीच्या अलीकडे आउती होती, पलीकडे साऱ्या देशातले नाववाले, आणि मधली खिडकी जुलैअखेरपर्यंत बंद.

शुक्रवारी आभाळ भरून आलं आणि बारीक झिमझिम सुरू झाली. थंडीही होतीच. जुहान्नुसला असं नसेल तर लोकांना चुकल्याचुकल्यासारखं होतं. आउती गुडघाभर पाण्यात उभी राहून बादलीने नाव उपसत होती. उपसावं तेवढं परत येत होतं. खिडकीत आई होती.

"आउती?"

तिने मागे पाहिलं. वाटेवर एक उंच, भिजलेला माणूस उभा होता. चष्म्यावर पाण्याचे थेंब, बूट चिखलाने माखलेले, आणि छातीशी एक फुगलेली प्लास्टिकची पिशवी धरलेली... मूल धरावं तशी.

"यंत्र सुट्टीवर आहे," तो म्हणाला आणि घसा खाकरला. "म्हणून पत्र हाताने आणलंय."

आउतीच्या हातातून बादली सुटली.

"बसथांब्यापासून चालत आलास?"

"सात किलोमीटर. तू लिहिलं होतंस." त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. "काल चार वाजता आलं. इंको गावच्या एका म्हाताऱ्याचं आहे. तुझी कचेरी तेव्हा बंद झाली होती."

"फोन केला असतास तर?"

"फोनवरून भुसा पाठवता येत नाही."

कागदावर लिहिलं होतं: बारीक भुसा घ्या. बादलीत भरा. नावेखाली, फटीच्या बरोबर खाली नेऊन सोडा. फट पाण्याबरोबर भुसा ओढून घेईल, भुसा फुगेल, काम झालं. माझ्या बापाने शिकवलं.

"आणि हा भुसा?"

"काकाची लाकडाची वखार आहे. तीन वेळा चाळलाय." मग तो खाली बघत म्हणाला, "तू सांगितलंस तर ठेवून जाईन. पाचची बस आहे."

आउती त्याच्याकडे बघत राहिली. इतके महिने तिने ज्याच्याशी बोलून घेतलं होतं, त्याला असा ओला चेहरा असेल, कान असे लाल होत असतील, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. तिला रागावायचं होतं. रागाची दोन चांगली वाक्यं तिने बसमध्ये पाठही केली होती. त्यातलं एकही आठवेना.

"बूट काढ," ती म्हणाली. "पाणी फार गार आहे. ओरडायचं नाही."

तो ओरडला नाही, पण त्याचा श्वास असा अडकला की आउतीला हसू आलं. दोघं कमरेपर्यंत पाण्यात उतरली. त्याने भुसा भरलेली बादली हाताने झाकून नावेखाली धरली, तिने त्याचं मनगट धरून फटीकडे नेलं.

"डावीकडे. अजून. तू ऐकतोस ना?"

"ऐकण्यातच तर माझं नाव झालंय," तो म्हणाला. दात वाजत होते.

"गप्प बस. सोड आता!"

भुसा पाण्यात धुक्यासारखा पसरला. तळातला झरा आधी पिवळट झाला... मग बारीक... मग थेंब थेंब. दोघंही नावेच्या काठावरून आत वाकून बघत होती, डोक्याला डोकं लागेल इतकी. थेंब आला. मग बराच वेळ आला नाही. मग आलाच नाही.

तिचा हात अजून त्याच्या मनगटावर होता. कुणीच काढला नाही.

किनाऱ्यावर होळीची लाकडं रचणारी पोरं येऊन थांबली. "काय, आणायची का वर?" तौनोने हाक दिली.

तेवढ्यात घराचं दार उघडलं. आई डोक्यावर शाल घेऊन पायऱ्या उतरली, दोन वर्षांत पहिल्यांदाच पाण्यापर्यंत आली, आणि नावेत वाकून तळावरून हात फिरवला.

"ही जाणार नाही," ती पोरांना म्हणाली. "तुमच्या होळीला दुसरं काहीतरी शोधा." मग तिने इलारीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "हा कोण?"

"यंत्र," आउती म्हणाली.

"बरं. त्याला कोरडा सदरा दे. कॉफी ठेवते. पंधरा मिनिटांत या."

पण आधी नावेला एक फेरी मारणं भागच होतं. आउती मागे बसली, इलारीने वल्ही घेतली. त्याला वल्हवता येत नव्हतं. नाव खेकड्यासारखी तिरकी चालली होती. झिमझिम त्याच्या चष्म्यावर पडत होती आणि आउतीने पुढे वाकून बाहीने तो पुसला.

"पाचची बस गेली," ती म्हणाली.

"हो. कळलं होतं मला."

"इलारी... ती एप्रिलमधली ओळ..."

त्याने अगदी सरळ चेहरा केला. "जादा ओळ समजली नाही. परत पाठवावी."

"साव्होची माणसं एकदाच बोलतात. अर्थ लावायची जबाबदारी ऐकणाऱ्याची!"

"मी चार तास लावत होतो तो अर्थ," तो हळूच म्हणाला. "मग कळलं की मला माणूस म्हणून भेटावं लागेल, नाहीतर ते लग्न दुसऱ्याच कुणाशी होईल. भेटायचं धाडस यायला जून उजाडला."

आउतीने डोळे मिटले... तिने लिहिलं होतं तसेच, घट्ट. आणि ती पुढे वाकली. वल्ही सुटली, नाव जागच्या जागी गोल फिरू लागली, तळ मात्र कोरडाच राहिला.

"कॉफी!" किनाऱ्यावरून आईची हाक आली. मग पुन्हा आली. "अगं, कॉफी निवतेय!"

त्या दिवशी पहिल्यांदाच यंत्र कॉफीला उशिरा पोचलं.