पात्यावरचं नाणं

“सीझन संपला की मी सही करतोय,” एमिल म्हणाला आणि त्यानं उकडलेल्या बटाट्यावर लोणी फासायला घेतलं... जणू उद्या पुन्हा बर्फ पडणार आहे, एवढीच बातमी त्यानं दिली होती!

माशाच्या रश्श्यात फिरणारा सेल्माचा डाव थांबला. टेबलाच्या टोकाशी बसलेल्या वडिलांनी, व्हाइनोंनी, मान वर करून आधी मुलाकडे पाहिलं, मग मुलीकडे पाहिलं आणि पुन्हा पाव खायला सुरुवात केली. खाणीत छत्तीस वर्षं काढलेला हा माणूस दिवसाला मोजून दहा शब्द बोलायचा, आणि त्या दिवशीचे दहा बहुतेक सकाळीच संपले होते.

“कसली सही?” सेल्मानं विचारलं. कसली ते तिला पक्कं ठाऊक होतं. पूर्वेकडच्या त्या मोठ्या आइस हॉकी क्लबनं एमिल अठरा वर्षांचा असतानाच त्याचं नाव आपल्या यादीत लिहून ठेवलं होतं, आणि तेव्हापासून सारं गाव या दिवसाकडे डोळे लावून बसलं होतं.

“क्लबचा करार. शुक्रवारची मॅच हरलो तर सीझन तिथंच संपेल. मग दोन दिवसांत त्यांना उत्तर हवंय.”

“आणि कॉलेज? एक वर्ष उरलंय, एमिल! एकच वर्ष!”

“कॉलेज कुठं पळून चाललंय? माझे पाय मात्र म्हातारे होतील.”

“एकवीस वर्षांचा आहेस तू! म्हातारे म्हणे!”

“आमच्या संघातले तिघे गेल्या वर्षीच कॉलेज सोडून गेले. त्यांच्या घरी कुणी रडलं नाही.”

“त्यांच्या घरी कुणी विचार करत नसेल!”

असं म्हणता म्हणता शब्दानं शब्द वाढत गेला. एमिल सकाळपासून गोंधळलेला होता. करार त्याला हवाही होता आणि त्याची भीतीही वाटत होती. पण बहिणीपुढे गोंधळ कबूल करायचा म्हणजे वाद हरायचा, आणि हरण्याची त्याला सवय नव्हती. तो ताडकन उठला.

“खरं सांगू, सेल्मा? तुला माझी पदवी नकोय. तुला तुझी हवीय! तुला स्वतःला जमलं नाही, तिसऱ्या वर्षाला नापास होऊन परत आलीस... आणि आता तुझं अर्धं राहिलेलं माझ्याकडून पुरं करून घेतेयस!”

व्हाइनोंच्या हातातला पाव टेबलावर पडला. त्यांनी तोंड उघडलं... आणि सेल्मानं त्यांच्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं, की त्यांनी ते पुन्हा मिटून घेतलं.

“जेवण गार होतंय,” ती एवढंच म्हणाली.

एमिलनं दाराशी ठेवलेली पिशवी तिच्या पायाशी आणून ठेवली. “स्केट्स आहेत. उद्या दुपारी न्यायला येतो,” तो दुसरीकडे बघत पुटपुटला. भांडण कितीही होवो, त्याच्या स्केट्सच्या पात्यांना धार लावायची ती सेल्मानंच! एमिलच्या सातव्या वर्षापासूनची ही रीत. विद्यापीठाच्या संघाकडे या कामाला रँडी नावाचा चांगला पगारी माणूस होता आणि तो या गोष्टीवरून वर्षभर धुसफुसत असे. पण एमिल दोन तास गाडी हाकत घरी येई आणि स्केट्स बहिणीच्या हातात देई.

नापास!... चौदा वर्षांपूर्वी हा शब्द सेल्मानंच निवडला होता. आई चार दिवसांच्या तापात गेली, तेव्हा ती विद्यापीठात भूशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला होती, वर्गात दुसरी. दोन दिवसांचे कपडे घेऊन ती अंत्यविधीला आली. घरी वडील खाणीच्या रात्रपाळीत, आणि सात वर्षांचा एमिल आईच्या कोटात डोकं खुपसून कपाटात बसलेला. ते दृश्य पाहिल्यावर परतीच्या बसचं तिकीट तिच्या खिशातच राहिलं. “त्याला सांगा, मी नापास झाले,” ती वडिलांना म्हणाली होती. “माझ्यामुळे ताईचं शिक्षण गेलं, हे ओझं पोराच्या डोक्यावर नको.” व्हाइनोंनी मान हलवली होती, आणि लाह्टी घराण्यातल्या माणसानं मान हलवली म्हणजे दगडावरची रेघ!

ती रेघ आज तिच्याच काळजावर उमटली. आणि त्याहून वाईट म्हणजे, पोरगं चुकीचंच बोललं असं तिला छातीठोकपणे म्हणता येईना! आपल्याला त्याचं भलं हवंय, की आपलं हरवलेलं वर्ष? ती जेवढा विचार करी तेवढा गुंता वाढे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गावच्या बर्फाच्या रिंकवर आपल्या कोपऱ्यात गेली. धार लावायचं यंत्र आईचं, आणि तिथं बसायची जागाही आईचीच. बर्फ गुळगुळीत करायची गाडी लावून रिंकवरचा कामगार स्टँको हातात कॉफी घेऊन आला. दुसऱ्यांच्या घरचे प्रश्न सोडवण्यात त्याचा हात धरणारा गावात कुणी नव्हता.

“काय मग, सही ना?” तो म्हणाला. “करू दे! पेट्रोल पंपावरची डोना म्हणते, नको करू दे. पण तिला काय कळतंय? पास्टर म्हणतात, प्रार्थना करा. तू काय म्हणतेस?”

“मी म्हणते, तुझी कॉफी सांडतेय.”

“पोरगं तुझ्यावर गेलंय. हट्टी!” असं म्हणून तो हसत निघून गेला.

तिनं डावा स्केट यंत्रात अडकवला. पात्याच्या मधोमध बारीक खोबण आणि दोन बाजूंना दोन कडा; दोन्ही एका उंचीच्या हव्यात. एक कड केसभर जरी वर राहिली, तर वळताना पाय दगा देतो. म्हणून धार झाली की पात्यावर नाणं आडवं ठेवून पाहायचं. ते सरळ बसलं तर ठीक, कलंडलं तर पुन्हा यंत्रावर. फिनलंडहून आलेल्या पणजोबांचं ते चांदीचं नाणं आईनं याच कामाला ठेवलं होतं, आणि चौदा वर्षांत सेल्माच्या हातून एकही पातं नाण्याशिवाय बाहेर गेलं नव्हतं.

ठिणग्या उडत होत्या, आणि तिच्या कानात एकच वाक्य घुमत होतं... तुला जमलं नाही, तुला जमलं नाही! डोळे भरून आले. पातं पुढे सरकलं, मागे आलं. हरला तर दोन दिवस, जिंकला तर आणखी एक आठवडा. आणि वाईट खेळला तर? वाईट खेळला तर क्लबवाले म्हणतील का, की पोरगं अजून कच्चं आहे, राहू दे एक वर्ष?... हा विचार तिच्या मनात नेमका कधी आला आणि कधी गेला, हे पुढे तिला कितीही आठवून सांगता आलं नाही. तिनं पातं पुसलं, स्केट्स पिशवीत घातले आणि चेन लावली.

नाणं खणातच राहिलं.

शुक्रवारी विद्यापीठाच्या रिंकवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. सेल्मा वडिलांशेजारी बसली होती. खेळ सुरू झाला, एमिल पहिल्याच धावेत डावीकडे वळला, आणि त्याचा पाय सरकला! तो सावरला. लोकांना वाटलं, धक्का लागला असेल. सेल्माला मात्र त्याच क्षणी ते खणातलं नाणं आठवलं.

दुसऱ्या वेळी तो गुडघ्यावर आला. मग तो बाकावर जाऊन बसला, तेव्हा रँडी त्याच्या डाव्या पायाकडे हात पुढे करून काहीतरी म्हणाला. तिला एवढ्या लांबून ऐकू येणं शक्यच नव्हतं. पण एमिलनं मान हलवली आणि पाय मागे ओढून घेतला, ते मात्र तिनं स्पष्ट पाहिलं. “दे रे! दे त्याला!” ती मोठ्यानं ओरडली. आजूबाजूच्या लोकांनी तिच्याकडे वळून पाहिलं.

खेळाची शेवटची चार मिनिटं राहिली असताना तो तिसऱ्यांदा पडला, तोही आपल्याच गोलसमोर. समोरच्या पोरानं मोकळ्या जागेतून गोल मारला आणि सीझन संपला. शेवटच्या वर्षाची चार मुलं बर्फावर बसून रडत होती. एमिल रडत नव्हता. तो एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत हिंडत होता, डावा पाय किंचित जपत.

शनिवारी तो घरी आला. “क्लबचा फोन आला होता,” तो दारातूनच म्हणाला. “एका मॅचनं काही बिघडत नाही म्हणाले. उद्या संध्याकाळपर्यंत हो की नाही सांगायचंय.”

म्हणजे तिनं केलं होतं, ते... केलं असेल तर... फुकटच गेलं होतं! चार मुलांचं शेवटचं वर्ष तेवढं बुडालं. सेल्माला बोलायचं होतं. पण तेवढ्यात व्हाइनोंनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि मुलाला मानेनंच अंगणाकडे चल म्हणून खुणावलं. शनिवार होता, अंगणातला वाफेच्या अंघोळीचा सौना तापला होता.

सौनात खोटं बोलायचं नाही, ही व्हाइनोंच्या वडिलांची शिकवण. चौदा वर्षं दर शनिवारी ते तिथं मुलाशेजारी गप्प बसत आले होते, कारण गप्प बसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे. आज त्यांनी तापल्या दगडांवर पाणी ओतलं, वाफ वर चढू दिली आणि म्हणाले, “ती नापास झाली नव्हती.”

पाचच मिनिटांत स्वयंपाकघराचं दार धाडकन उघडलं. कमरेला टॉवेल, अनवाणी, अंगातून वाफा निघताहेत आणि पावलांना बर्फ चिकटलेला, अशा अवतारात एमिल उभा होता.

“वर्गात दुसरी!” त्याचा आवाज फाटला. “दुसरी होतीस तू! आणि मी... मी तुला त्या दिवशी...”

“आधी कपडे घाल. न्यूमोनिया होईल.”

“चौदा वर्षं, सेल्मा! माझ्यासाठी तू स्वतःचं सगळं...”

“थांब!” ती किंचाळली. “मला थोर करू नकोस! तुझा डावा स्केट... मी नाणं लावून पाहिलं नव्हतं!”

एमिल खुर्ची ओढून बसला. “माहीत आहे मला.”

“माहीत आहे?”

“पहिल्याच वळणावर कळलं. तुझी धार मी डोळे मिटून ओळखतो.”

“मग रँडीला का नाही दिलास? तो पुढे हात करून उभा होता! मी पाहिलं ना!”

“त्याच्या हातात दिला असता, तर त्यालाही कळलं असतं. माझ्या स्केट्सना कोण हात लावतं, हे सगळ्या संघाला ठाऊक आहे.” तो खाली बघत होता. “रँडी वर्षभर वाट बघतोय, तुझं काहीतरी चुकायची. त्याच्यापुढे तुला... मला नाही जमलं ते.”

ज्याला सेल्मानं खाली पाडलं, त्यानं पडता पडता तिचीच लाज झाकली होती! तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

“मुद्दाम केलंस?” त्यानं हळूच विचारलं.

“मला माहीत नाही, एमिल! शपथेवर सांगते, मला माहीत नाही. विसरले, की विसरायचं होतं... कालपासून तेच शोधतेय, आणि सापडत नाही.”

“त्या चौघांना मी हे कधीच सांगू शकणार नाही.”

“मला ठाऊक आहे.”

“हे आता आपल्या दोघांनाच बाळगावं लागेल.”

दारात व्हाइनो येऊन उभे होते. बोलायचं तेवढं बोलून झाल्यामुळे त्यांनी मुलाचा कोट आणला होता. तो त्यांनी त्याच्या उघड्या खांद्यांवर घातला आणि कॉफी चढवली.

“सांग ना, मी काय करू?” बऱ्याच वेळानं एमिलनं विचारलं. लहानपणी बुटाची नाडी पुढे करी, तसाच तो दिसत होता. “गावात सगळ्यांना माहीत आहे मी काय करायला हवं. मलाच तेवढं माहीत नाही.”

उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं. चौदा वर्षं ते तयारच असायचं! तिनं ते गिळलं.

“मलाही माहीत नाही रे,” ती म्हणाली.

एमिल तिच्याकडे बघतच राहिला. मग रडता रडता हसला. “हे तू आयुष्यात पहिल्यांदा म्हणालीस.”

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं सही केली. पेन खाली ठेवून तो तिला म्हणाला, “तू माझ्यासाठी थांबलीस. आता मी तुझ्यासाठी थांबलो, तर या घरात कुणीच स्वतःचं काही केलं नाही असं होईल. आणि उद्या मी तुझ्यावरच राग धरीन... मला भीती वाटते त्याची.” बरोबर की चूक, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. तिनं त्याच्या कपाळावर ओठ टेकले, आणि तो निघताना ते चांदीचं नाणं रुमालात बांधून त्याच्या मुठीत ठेवलं.

“तिकडचा माणूस धार लावील. त्याला हे लावून बघायला सांग. आता माझ्यावर विसंबू नकोस.”

एमिलनं नाणं खिशात टाकलं.

ऑक्टोबरात रिंकवर एक खोकं आलं. सेल्मा आपल्या कोपऱ्यात भूशास्त्राचं पुस्तक उघडून बसली होती; अर्धं राहिलेलं शिक्षण तिनं पुन्हा सुरू केलं होतं. पानांवर पोलादाची बारीक भुकटी पडली होती आणि सोमवारच्या परीक्षेची तिला धास्ती होती. “तुझ्या भावानं टपालखर्चात क्लब बुडवायचं ठरवलंय!” असं ओरडत स्टँकोनं खोकं तिच्यापुढे ठेवलं.

आत एमिलचे स्केट्स होते. रुमाल होता, आणि रुमालात नाणं. सोबत त्याच्या वेड्यावाकड्या अक्षरातली चिठ्ठी :

‘इथला माणूस माझ्यावर रागावलाय, रँडीसारखाच. धार लावून शुक्रवारपर्यंत पाठव. नाणं तुझ्याकडेच ठेव. मला ते लावून बघायची गरज नाही.’

सेल्मानं यंत्र सुरू केलं. आधी डावा स्केट लावला. डोळ्यांतलं पाणी बाहीनं पुसत तिनं पातं सावकाश पुढे नेलं, मागे आणलं, पुन्हा नेलं. मग यंत्र थांबवलं, पातं स्वच्छ केलं आणि आईचं नाणं त्यावर आडवं ठेवलं.

ते सरळ बसलं. तरीही तिनं ते उचललं आणि पुन्हा एकदा ठेवून पाहिलं.