पासांगआमाची अठ्ठेचाळिसावी रात्र

अनिका, तो फोन उलटा ठेव बघू. आर्य, दिवा बंदच राहू दे, अंधार काही तुला गिळत नाही.

ही गोष्ट आपल्या यशोधनची. हो, शॉमबर्गला राहतो तोच, गणपतीत एकवीस मोदक खाणारा. भित्रा अजिबात नाही, उलट जरा आगाऊच. पण ही गोष्ट त्याने मला सांगितली तेव्हा पुढ्यातल्या चहाला हातही लावला नव्हता.

तेव्हा तो पीएचडी करत होता आणि श्रूजबरी गावात दावा शेर्पाच्या घरात बेसमेंट भाड्याने घेऊन राहायचा. दावा नेपाळचा, बौद्ध. वर तो, त्याची बायको आणि म्हातारी आई, पासांगआमा. यशोधनला फ्लू झाला तेव्हा पाच दिवस मागच्या दाराने गरम सूप घेऊन आमाच यायची. ती गेली एक डिसेंबरला आणि हा पठ्ठ्या नेमका कॉन्फरन्सला. ते त्याच्या मनाला फार लागलं होतं.

जानेवारीत दावा आणि त्याची बायको शेवटच्या विधींसाठी नेपाळला गावी निघाले. यशोधनने त्यांना एअरपोर्टला सोडलं. वाटेत दावाने एक काम सांगितलं. त्यांच्यात माणूस गेलं की एकोणपन्नास दिवस दोन जन्मांच्या मधल्या वाटेवर असतं म्हणतात. आपण मेलोय हेही त्याला ठाऊक नसतं. जेवता येत नाही, नुसता वास पोचतो. म्हणून रोज संध्याकाळी मागच्या पायरीवर निखाऱ्यावर सातूचं पीठ आणि लोणी टाकायचं, धूर करायचा आणि आत यायचं.

"तिचं नाव घेऊ नकोस," दावा म्हणाला. "तिच्याशी बोलू नकोस. बोललास तर तिला वाटेल, इथे अजून आपलं काम आहे. मग ती पुढे जाणार नाही. पुढचा जन्मच मिळणार नाही तिला."

यशोधनने मान डोलावली आणि रोज नेमाने सगळं केलं. मग आली अठ्ठेचाळिसावी रात्र. शुक्रवार, सतरा जानेवारी. लॅबमधून यायला त्याला पावणेदहा झाले. बर्फ भुरभुरत होता. निखारे लाल होते, पण पीठ काही जळेना. पाच मिनिटं झाली, दहा झाली, धुराचा पत्ता नाही. ओलं पीठ नुसतं पडून.

आता तुम्हीच सांगा, आपल्या माणसाला काय आठवणार? त्याच्या आजोबांच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवत नव्हता. दोन तास सगळे उन्हात ताटकळले. शेवटी वडिलांनी हात जोडून सांगितलं, आईला मी सांभाळीन, काळजी सोडा. आणि कावळा उतरला. यशोधनने तेच केलं. बर्फात उभं राहून हात जोडले आणि म्हणाला, "पासांगआमा, मनात काही राहिलं असेल तर मला सांगा. मी करीन."

धूर सरळ वर गेला. वारा असून सरळ. याला बरंच वाटलं, आत येऊन गाढ झोपला.

"पण शी वॉज नाइस, ना?"

नाइस होती गं, अनिका. म्हणूनच तर.

दोन वाजून दहा मिनिटांनी त्याला जाग आली. मागच्या पायरीवर कुणीतरी बसलं होतं. धापा टाकत. मग दारावर टकटक… हळू, कोपराने केल्यासारखी.

"बाबू…"

तो हलला नाही.

"दावा बोलत नाही. सून बोलत नाही. मी समोर बसते, कुणी बघत नाही. मी काय केलं रे…? तू बोललास. एकटा तूच."

त्याने पांघरुणात शिरून दावाला फोन लावला. तिकडे भर दुपार होती, मागे लामांचे ढोल वाजत होते. दावाने सगळं ऐकून घेतलं. रागावला नाही, रडला. म्हणाला, "तू हाक मारलीस, तुझंच ऐकेल. खरं काय ते सांग तिला. दार उघडू नकोस."

यशोधन दारापाशी गेला. पाय बर्फासारखे. ज्या बाईने आपल्याला सूप भरवलं, तिला हे सांगायचं…

"आमा… तुम्ही गेलात. एक डिसेंबरला."

त्याने कपाळ दाराला टेकवलं.

"मी नव्हतो इथे. मला माफ करा. पण तुम्ही गेलात, आमा. आता जा."



मग अगदी हळू आवाज आला. "आणि तू करीन म्हणाला होतास ते?"

तो दाताखाली ओठ धरून उभा राहिला. पुढे कुणी बोललं नाही. टकटक नाही. धाप नाही.

उजाडेपर्यंत तो तिथेच होता. रात्रभर दाराच्या फटीतून बर्फ आत आला होता, फरशीवर पातळ थर बसला होता. त्या थरात एक पाऊल उमटलं होतं. एकच. अंगठ्याएवढं, नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं असतं तसं. बोटं आतल्या बाजूला, त्याच्या पलंगाकडे.

बाहेर जाणारं त्याने सगळीकडे शोधलं. नव्हतं.